वाढणाऱ्या हाताला आधी कळतं

भूक गेल्याचं सांगायच्या आमच्या वर्धा जिल्ह्यात कितीतरी तऱ्हा आहेत. "जेवन जात नाही." "तोंडाले चवच नाही." "घास तोंडातल्या तोंडात फिरते." "भाकर पाहूनच मळमळते." "दोन घासातच पोट गच्च होते." "अन्नावरची वासनाच उडाली." आणि एक वाक्य असं, की ते बोलणारं माणूस बहुधा खाली बघून बोलतं: "जेवू वाटत नाही." उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गावागावांत फिरण्यात गेली. औषधांची नावं नीट पाठ व्हायच्या आधी या वाक्यांची मला ओळख झाली होती.

तालुक्याच्या दवाखान्यात गेलं की ही सगळी वाक्यं केसपेपरवर एकाच शब्दात उतरतात: अनोरेक्सिया. काही डॉक्टर पुढे अधिकचं चिन्ह काढतात, म्हणजे ही तक्रार आहे. शब्द मूळचा ग्रीक. 'अन' म्हणजे नाही आणि 'ओरेक्सिस' म्हणजे इच्छा, ओढ. अन्नाची ओढ उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा कागद घरी आला की आता कॉलेजातली पोरं तो शब्द मोबाईलवर शोधतात. अशीच एक मुलगी आजोबांचा केसपेपर घेऊन माझ्याकडे आली होती. मोबाईलवर तिला हाडाची काडं झालेल्या परदेशी मुलींचे फोटो दिसले होते. "आजोबांना हे कसं होईल? हा तर बारीक व्हायच्या वेडातून होणारा आजार आहे ना?" तिचा गोंधळ रास्त होता. ती जे वाचत होती तो अनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग या दोघांनी १८७३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचं वर्णन मांडलं. त्यात वजन वाढण्याची धास्ती मनात घर करते आणि माणूस लागलेली भूकसुद्धा दाबून ठेवतो. तो फार गंभीर मानसिक आजार आहे, त्यात जीव जातात, आणि खेड्यातल्या मुलींना तो होणारच नाही असं समजू नये. पण आजोबांच्या कागदावरच्या शब्दाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिथे तो फक्त एका लक्षणाचं नाव होता. ताप लिहितात, खोकला लिहितात, तसं.

लक्षणामागचं कारण शोधणं हे डॉक्टरांचं काम. कारणं तरी किती! कावीळ, क्षय, मूत्रपिंड निकामी होत जाणं, यकृताचे आजार, पोटाचा कर्करोग, थायरॉईड मंदावणं, गरोदरपणाचे पहिले महिने, जंत, नैराश्य, आणि चालू असलेली औषधं. यातलं नेमकं कोणतं, ते ठरवायला डॉक्टर विचारतात: कधीपासून? एकदम की हळूहळू? सगळंच नको वाटतं की काही ठरावीक? खायला बसल्यावर नको होतं की वासानंच? या प्रश्नांची खरी उत्तरं रोग्याकडे क्वचितच असतात. ती असतात त्याला रोज वाढणाऱ्या बाईकडे. आणि तिला विचारलं जात नाही. ती दवाखान्यात आलेली असते, पिशवी सांभाळत बाहेरच्या बाकावर बसलेली असते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

वाढणारी मोजमाप करत नाही, तरी तिच्याकडे हिशेब असतो. ज्वारीचं पीठ परातीत घेताना घरातल्या माणसांच्या भाकरी तिच्या मुठीला माहीत असतात. कोण वरणात कुस्करून खातो, कोणाला जवसाची चटणी लागतेच, कोण अंबाडीच्या भाजीवर तेलाची धार मागतो, सगळं. भाकर टोपल्यात उरू लागली की तिला त्याच रात्री कळतं. पहिले काही दिवस ती भाजी बदलून बघते. मग फोडणीत लसूण वाढवते. मग कढी करते, पाटवडी करते, कोणाकडून दही आणते. म्हणजे घरातला पहिला उपचार सुरू झालेला असतो आणि तो फसल्याचंही तिला माहीत असतं. दवाखान्यात जायच्या किती आधीपासून हे चाललेलं असतं, ते तिच्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या भागातल्या एका शेतमजुराचं उदाहरण सांगते. कापूस वेचणीचे दिवस होते. खोकला म्हणून तो आला, "बिडीचा खोकला हाये, औषध द्या" म्हणाला. भूक कशी आहे विचारलं, तर म्हणाला, "बरी हाये." बायको दारात उभी होती. ती आत न येताच म्हणाली, "कायची बरी? पोळ्यापासून चतकोर भाकर ताटात टाकते हा मानूस. पयले तीन खाये." पोळा श्रावण संपता संपता येतो, आणि त्या वेळी दिवाळी होऊन गेली होती. एका वाक्यात तिनं अडीच महिन्यांची नोंद दिली होती. वजन केलं, सदरा ढिला झालाच होता. थुंकी तपासायला पाठवली, क्षय निघाला.

क्षयाच्या तपासणीत आम्ही चार गोष्टी विचारतो: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं. पण वजन उतरलं हे कळायला घरात काटा लागतो, आणि शेतमजुराच्या घरात काटा नसतो. भाकरीचा चतकोर मात्र रोज डोळ्यासमोर असतो. मोठ्या माणसाचं वजन काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर कारण शोधायलाच हवं असं वैद्यकशास्त्र सांगतं. ते अडीच किलो उतरण्याआधी ताटात काय काय उरत गेलं, ते वाढणारीनं बघितलेलं असतं.

त्या माणसाची औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याला आणखीच जेवण जाईना. क्षयाच्या गोळ्यांनी असं होतं, मळमळतं. पुष्कळ जण इथेच गोळ्या सोडतात. बायकोला मी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. नुसती मळमळ असेल तर गोळ्या सोडू द्यायच्या नाहीत, गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारायचं. पण जेवण अजिबात बंद झालं, उलट्या सुरू झाल्या, डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण त्या गोळ्यांचा यकृताला त्रास होऊ शकतो. ती दोन्ही नीट ध्यानात ठेवेल याची मला खात्री होती. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाच्या खात्यात आधी महिन्याला ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये येतात. ते पैसे पोषणासाठी आहेत. पण त्या पैशातून आणलेली अंडी आणि शेंगदाणे तोंडात जातात की नाही, हे शेवटी चुलीपाशीच कळतं.

आजारात भूक जाते ती काही पोट बिघडलं म्हणूनच नाही. जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, तीच मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर जाऊन ती दाबतात. एरवी रिकाम्या पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला भुकेची वर्दी देतं. ते शास्त्रज्ञांना १९९९ साली सापडलं. आजारपणात ही वर्दी पोचली तरी मेंदू ती मानत नाही. म्हणून तापातल्या माणसाला "जबरदस्तीनं दोन घास खा" म्हणणं कामाचं नसतं. चार दिवसांच्या तापात भूक गेली तर पाणी, पेज, वरणाचं पाणी पोटात जाऊ द्यावं आणि वाट बघावी. ताप उतरल्यावरही भूक परत आली नाही, तर मात्र थांबू नये.

गोठ्यातली गोष्ट शेतकऱ्याला बरोबर कळते. बैलानं कुटाराला तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर येतो. बैल नाटक करतो असं कोणी म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र "नखरे करते", "रुसला असन", "म्हाताऱ्या मानसाचं असंच असते" यात महिना निघून जातो. मला याचा फार राग येतो.

काविळीची एक खूण वाढणारीच्याही आधी शेजारच्या ओट्यावर कळते. डोळे पिवळे व्हायच्या आधी भूक जाते, हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात हेही आहे, की बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला काविळीच्या सुरुवातीला धुराचीच शिसारी येते. रोज ओट्यावर बसून बिडी ओढणारा माणूस एकाएकी बिडी नको म्हणाला, तेलाच्या वासानं उठून गेला, तर त्याची लघवी कोणत्या रंगाची होते ते विचारावं.

खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाचं, वेगळं. उन्हातान्हात काम करणारे कितीतरी जण भूक मारायला खर्रा तोंडात धरतात. वर्षानुवर्षं तसं केलं की तोंडाच्या आतली कातडी ताठरत जाते, तिखटानं आग होते, पुढे तोंडच नीट उघडत नाही. हा माणूस "जेवन जात नाही" म्हणतो तेव्हा त्याला भूक असते, खाता येत नसतं. केसपेपरवर अनोरेक्सिया लिहिलं तर चूक होईल. एका बाईनं मला हा फरक न विचारता सांगितला होता. "भाजी नको म्हनते, पन दूधभात मांगून खाते. ठेचा त जिवावर येते त्याच्या." तिच्या नवऱ्याचं तोंड बॅटरीनं बघितलं आणि त्याला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

जुन्या वैद्यांनी हे बारकावे फार प्रेमानं वेगळे केले होते. घास तोंडात घातला तरी गोड लागत नाही तो अरोचक. अन्नाचा विचार आला, ते दिसलं किंवा त्याविषयी ऐकलं तरी नको वाटतं तो भक्तद्वेष. रागावलेल्या, भ्यालेल्या माणसाची अन्नावर श्रद्धाच उरत नाही तो अभक्तच्छंद. आता वर दिलेली आमच्याकडची वाक्यं पुन्हा वाचा: "तोंडाले चव नाही", "भाकर पाहूनच मळमळते", "जेवू वाटत नाही". निरक्षर म्हातारी जो फरक करते तोच हा. चरकांनी अरोचकाची कारणं सांगताना वात, पित्त, कफ यांच्याबरोबर शोक, भय, अतिलोभ आणि क्रोधही सांगितले आहेत. दुःखानं भूक जाते हे त्यांना आजाराच्या यादीत लिहावंसं वाटलं, याचं मला फार मोल वाटतं. आजच्या केसपेपरवरचा एक शब्द हे सगळं पोटात घेतो खरा, पण नंतर ते उलगडून बघणारं कोणी लागतं.

उलगडून बघायला वेळ नसला की सलाईन लावतात. आमच्याकडे अशक्तपणावरचा हा सर्वमान्य इलाज. जेवण जात नाही ना, मग एक बाटली चढवा. बाजारच्या दिवशी गावातल्या छोट्या दवाखान्यांत खिळ्यांना बाटल्या लटकलेल्या दिसतात. त्या बाटलीत काय असतं ते मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून शंभर कॅलरीसुद्धा मिळत नाहीत, एका भाकरीतून त्याहून जास्त मिळतात. साधं सलाईन असेल तर ते मीठपाणीच, त्यात कॅलरी नाहीत. उलट्या-जुलाबांत तोंडानं काही राहत नसेल तर हीच बाटली जीव वाचवते, म्हणून तिला नावं ठेवायची नाहीत. पण महिनाभर भूक नसलेल्या माणसाला ती लावून घरी पाठवलं, की घरच्यांना उपचार झाल्यासारखं वाटतं आणि कारण शोधणं मागे पडतं.

तसंच भुकेच्या औषधाचं. दुकानात जे मिळतं त्यात बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मूळचं अ‍ॅलर्जीचं औषध आहे, भूक थोडी वाढवतं आणि गुंगी आणतं. म्हाताऱ्या माणसाला त्यानं तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, भ्रमिष्टासारखं होणं असा त्रास होऊ शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे बिनचिठ्ठीच्या, कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. चार दिवसांत खरंच कडकडून भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, घरात आनंदीआनंद होतो. आत क्षय दडलेला असेल तर तो याच काळात फोफावतो. साखर वाढते. आणि बरेच दिवस घेतलेल्या त्या गोळ्या एकदम बंद केल्या तर तेही घातक असतं. पुडीतल्या गोळीचं नाव सांगता येत नसेल तर ती घेऊ नका, एवढं मी हात जोडून सांगते.

भुकेला वैद्यकशास्त्रानं खरा मान दिलेला मी एका ठिकाणी पाहिला, तो म्हणजे कुपोषित बाळांच्या उपचारात. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत काम केलेल्या आमच्या मैत्रिणींना ही पद्धत तोंडपाठ आहे. सहा महिन्यांपुढच्या, पाच वर्षांखालच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर ते तीव्र कुपोषित. त्याला गावातच उपचार द्यायचे की पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं, हे ठरवताना इतर तपासण्यांबरोबर भुकेची चाचणी घेतात. शांत जागा बघायची. आईनं हात धुवून बाळाला मांडीवर घ्यायचं आणि शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल यांच्यापासून केलेला तयार आहार त्याला भरवून बघायचा. जबरदस्ती करायची नाही. सोबत पाणी द्यायचं. वजनाच्या मानानं ठरलेलं प्रमाण बाळानं खाल्लं तर भूक शाबूत आहे. नाही खाल्लं, तर वरून बाळ बरं दिसलं तरी भरती करायचं. कारण इतक्या कुपोषित बाळाला संसर्ग झाला तरी कधीकधी ताप येत नाही, ते रडत नाही, हट्ट करत नाही. भूक गेली आहे ही एकच खूण बाहेर दिसते.

भरती केल्यावरही एकदम भरपूर खाऊ घालत नाहीत. सुरुवातीला कमी ताकदीचं दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पुढच्या पायरीवर कधी जायचं? तर बाळाची भूक परत येईल तेव्हा. आई सांगते, "आज वाटी ओढली यानं." त्या वाक्याची वाट डॉक्टर, सिस्टर सगळे बघत असतात. मोठ्या माणसांच्या दवाखान्यातही भुकेकडे असंच बघितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हाताऱ्यांच्या भुकेची गोष्ट लांबते, कारण तिथे कारणं एकात एक गुंतलेली असतात. वास मंदावतो, तोंड कोरडं पडतं, कवळी सैल होते, बद्धकोष्ठ होतो, साखरेच्या किंवा हृदयाच्या गोळीनं अन्न नको वाटतं. यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं, म्हणून "वय झालं" हे उत्तर मी कधी मान्य केलं नाही. पण घरातली बुढी गेल्यावर बुढा जेवेनासा होतो, तेव्हा गोळ्यांची यादी तपासून भागत नाही. त्याच्या ताटात तेच वरण असतं, सूनही मायेनं वाढते, पण चाळीस वर्षं जी समोर बसून "अजून घ्या ना" म्हणायची ती नसते. दोन आठवडे उलटून गेले, झोपही गेली, बोलणंही तुटलं, "कायले जगू" असं तोंडून निघू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याच्या घरीही मी आधी हेच विचारत असे: रात्री झोपतो का, आणि ताट रिकामं होतं का.

उपासाचं आणि याचं नातं लोक फार सैल जोडतात. आमच्या जिल्ह्यात, पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्यानंतर पुष्कळ घरांत जेवण सुटलेल्या म्हाताऱ्यांविषयी "त्यांनी अन्न सोडलं" असं आदरानं म्हणतात. त्यांतल्या काहींनी अन्न सोडलेलं नसतं, अन्नाची ओढ त्यांना सोडून गेलेली असते. त्याचं कारण घशातला फोड असू शकतो किंवा न ओळखलेला क्षय. आधी तपासून घ्यावं. आणि जिथे सगळं तपासून झालं आहे, आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, तिथे मात्र चमच्यानं कोंबू नये. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही. कोंबलेला घास श्वासनलिकेत जातो. ओठ ओले ठेवावेत, मागितलं तर चमचाभर द्यावं. लेकींना हे फार जड जातं. "दोन घास गेले तर माय उठून बसन," असं त्या म्हणतात. मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेत नसे, त्यांच्याजवळ बसत असे.

आता ज्या बाईकडे ही सगळी माहिती असते, तिच्याविषयी. ती सगळ्यांच्या ताटाकडे बघते. तिच्या ताटाकडे कोण बघतं?

माझ्या गावातली एक सून सासूला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला घेऊन यायची. सासूचं सगळं तोंडपाठ: किती भाकर खाल्ली, मीठ कमी केलं, सकाळी चक्कर आली. एकदा सासूचा दंड धरून पट्टा बांधताना मदतीला तिनं हात पुढे केला, तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळत गेल्या. विचारलं, तर "मी ठीक आहो." मग नुसतं एवढंच विचारलं, की काल रात्री काय खाल्लं. ती म्हणाली, "सगळ्याईचं झालं मंग उरलं थे." काय उरलं होतं, ते तिला आठवेना. मी खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, "बाई, मले भूक लागत नाही हे माह्या ध्यानातच नाही आलं. पुरत नाही म्हनून मी कमी खातो असंच वाटे."

हे वाक्य ऐकून मी हादरले. जिथे अन्न कमी पडतं तिथे भूक न लागणं सोयीचं वाटतं. घरात त्याची तक्रार होत नाही, उलट "तिचं पोट थोडक्यात भरते" असं कौतुक होतं. सासू शेजारीच होती, बाई वाईट नव्हती. ती म्हणाली, "आमी जेवून उठल्यावर थे जेवते. मले कसं दिसन?"

तपासणीत हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं. अनवाणी शेतात जायची, पोटात जंत होते. रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की रक्त आणखी कमी होतं. जंताची गोळी दिली, दवाखान्यात शिरेतून लोह दिलं, नंतर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रिकाम्या पोटी त्या घेतल्या की मळमळायचं, म्हणून जेवणानंतर घ्यायला सांगितल्या. ते शक्य व्हावं म्हणून आधी तिच्या जेवणाची वेळ ठरवावी लागली. सासूनं ती ठरवली. दोघी सोबत बसू लागल्या.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्यातल्या कितींची भूक मेली आहे, हे त्यांच्या घरात कोणी सांगू शकेल का?

निवृत्त झाले तरी गावातल्या पोषण दिवसाला आशाताई मला बोलावते. अंगणवाडीच्या ओसरीत बायका जमतात, लेकरांची वजनं होतात. मागच्या वेळी मी तिथे आहारावर भाषण न करता एकच प्रश्न विचारला: काल रात्री तुम्ही जेवलात तेव्हा तुमच्यासमोर कोण बसलं होतं? आधी हसल्या. एक म्हणाली, "मांजर." मग हसू ओसरलं आणि त्या एकमेकींना सांगू लागल्या. कोणी उभ्यानं खाल्लं होतं. कोणी भात परतून लेकराच्या ताटात टाकला होता. एकीला गेले कित्येक दिवस दुपारचं जेवण नकोच वाटत होतं आणि चहावर भागत होतं. दुसरी म्हणाली, "मले वाटलं उन्हानं असन." पन्नाशीच्या एका बाईनं हळूच विचारलं, दोन घासांत पोट गच्च होतं ते कशानं. तिला मी बाजूला घेतलं, तालुक्याला कोणत्या दिवशी जायचं ते सांगितलं आणि सोबत कोण येणार तेही तिच्याकडून ठरवून घेतलं. बाकीच्या हिमोग्लोबिनसाठी रांगेत उभ्या राहिल्या. निम्म्या रांगेतच आशाताईजवळच्या पट्ट्या संपल्या. राहिलेल्यांची नावं तिनं वहीत लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून नव्या पट्ट्या आणून घरोघरी जाऊन त्यांची तपासणी केली.